ठेका कोणाच्या हाती?

इलेक्ट्रॉनिक संगीताचे नाव काढले की आपल्याकडच्या जाणत्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. ‘हे कसले संगीत! हा तर गिरणीचा खडखडाट!’ असा शेरा मारून विषय निकालात काढला जातो. उलट पक्षी तरुणांची गोष्ट अशी की, कानावर तो ठोका पडल्याखेरीज त्यांना व्यायामशाळेत पाऊलच टाकवत नाही. आणि तो ठोका चांगला की वाईट, कोणासाठी चांगला, असा प्रश्न त्यांच्या मनाला शिवत नाही. माझे या दोन्ही पक्षांशी पटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी याच महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. पदार्थविज्ञान शिकविण्याच्या निमित्ताने गेली बरीच वर्षे भोपाळला स्थायिक आहे. संपादकांनी ‘भोपाळविषयी काही लिहा’ असे कळविले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बडा तालाब, भारत भवन, नाहीतर जवळच्या भीमबेटक्याची शैलचित्रे असणार. त्या सर्व गोष्टींवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे ते एका तळघरात जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलींविषयी आणि त्यांच्यासाठी वाजविल्या जाणाऱ्या गाण्याविषयी.

भोपाळ हे टेकड्यांचे गाव. श्यामला हिल्स, ईदगाह हिल्स, अरेरा हिल्स ही नुसती नावे ऐकली तरी सायकलस्वाराच्या पोटऱ्या दुखू लागाव्यात. २०१७ साली येथे भाड्याच्या सार्वजनिक सायकलींची योजना मोठ्या उत्साहाने सुरू झाली. होशंगाबाद रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी वाटही आखण्यात आली. तरीसुद्धा पावसाळ्याचे चार महिने, उन्हाळ्याची काहिली आणि बारा महिने अंगावर येणारी वाहने यांना कंटाळून पुष्कळजण चार भिंतींच्या आत पायडल मारणे पसंत करतात. खोलीत अंधार, पंधरावीस सायकली, समोर उंचावरच्या सायकलीवर शिक्षक, त्याच्या कानाशी माइक आणि कोपऱ्यांतून चार धिप्पाड लाउडस्पीकर. चाळीस-पंचेचाळीस मिनिटे हा प्रकार चालतो. याचा जनक जॉनी गोल्डबर्ग हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा सायकलपटू. लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी घरच्या घरी करता यावी म्हणून १९८०च्या दशकात त्याने कॅलिफोर्नियात असली सायकल बनविली आणि १९९५ मध्ये श्विन या कंपनीने ती बाजारात आणली.

या यंत्राची एक खोड वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. आपल्या रस्त्यावरच्या सायकलीला पाय थांबविले तरी चाक कटकट करीत फिरत राहते. पायांना सुटी मिळते. येथे तशी सोय सहसा नसते. पुढचे जड चाक आणि पायडल एकमेकांना जखडलेले असतात. चाक फिरते आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत. ब्रेकची मूठ दाबल्याखेरीज थांबता येत नाही.

आता संगीताकडे वळू. या कामाला इलेक्ट्रॉनिक संगीतच का, याचे उत्तर फॅशनमध्ये शोधू नये, ते साध्या अंकगणितात आहे. ‘हाउस’ नावाच्या प्रकारात मिनिटाला १२० ते १३० ठोके पडतात. समजा १२८ ठोके आहेत. प्रत्येक ठोक्याला एक पाय खाली गेला तर दोन ठोक्यांत चाकाचा एक फेरा होतो, म्हणजे मिनिटाला ६४ फेरे. ही झाली घाट चढण्याची गती. सपाट रस्त्यावर सायकलपटूचे पाय मिनिटाला ८० ते ११० फेरे मारतात. तेव्हा तेथे ‘ड्रम अँड बेस’ हा धावता प्रकार लावायचा. त्यात १७४ च्या आसपास ठोके असतात, म्हणजे ८७ फेरे झाले. किंवा ९० ठोक्यांचे संथ गाणे घेऊन एका ठोक्याला अख्खा फेरा मारायचा. तबलजी मंडळी हसतील, कारण ही सरळसरळ ठाय आणि दुगुन आहे. आमच्या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मी कंपनसंख्या शिकविताना हेच उदाहरण देतो आणि एरवी मागच्या बाकावर डुलक्या घेणारी मुलेही ताठ बसतात.

पूर्वी अशा ठिकाणी सिनेमाची गाणी लावत, आजही काही ठिकाणी लावतात. त्यांचा त्रास असा की, मुखडा संपतो, मध्येच व्हायोलिने येतात, ठेका बदलतो, अंतरा वेगळ्याच चालीने निघतो आणि साडेतीन मिनिटांत सगळे आटोपते. शिवाय शब्द मनाला ओढून नेतात. पाय मात्र बिचारे भांबावतात. इलेक्ट्रॉनिक गाणे सहासात मिनिटे चालते, शब्द बहुधा नसतातच, आणि पहिल्या मिनिटाचा ठोका शेवटच्या मिनिटाला तसूभरही हललेला नसतो. चांगल्यातल्या चांगल्या वादकाची लयसुद्धा रंगात आली की चढते. येथे ती चढत नाही. टीकाकार ज्याला ‘एकसुरी’ म्हणून नाक मुरडतात तोच या जागी त्याचा गुण आहे. जाते एकसुरीच फिरते, म्हणून त्याला कोणी नावे ठेवत नाही.

या संगीतात नुसता ठोकाच असतो हेही खरे नाही. मध्येच मोठा ढोल गप्प होतो, बारीक आवाज एकावर एक चढत जातात, त्यांची वीण घट्ट होते, श्वास अडकल्यासारखा होतो. शिक्षक याच वेळी चाकावरचा ताण वाढवायला सांगतो. आणि मग ढोल धाडकन् परत येतो. त्यांच्या भाषेत याला ‘ड्रॉप’ म्हणतात. तिहाई घेऊन समेवर येणाऱ्या गायकाला दाद देणाऱ्यांना यातली गंमत कळू नये, याचे मला नवल वाटते. समेची वाट पाहायला लावणे, एवढेच तर आहे! दर्जात फरक असेल, जातीत नाही.

संगीताने सायकलस्वार वेगाने जातो, ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये छपराखालच्या लाकडी मार्गावर सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती होत. लेनर्ड एअर्स नावाच्या अभ्यासकाने तेथे हिशेब ठेवला आणि १९११ साली तो प्रसिद्ध केला. बँड वाजत असताना स्पर्धकांचा वेग ताशी १९.६ मैल, बँड थांबला की १७.९ मैल. पुढे शंभर वर्षांनी, २०१२ साली, इंग्लंडमधील संशोधकांनी (त्यांत ब्रुनेल विद्यापीठाचे कोस्टास कारागेऑर्गिस हे एक होते) मोजक्या तरुणांना मिनिटाला ६५ फेऱ्यांच्या ठराविक गतीने सायकल चालवायला लावली. गाण्याचे ठोके बरोबर १३० असले, म्हणजे पायाशी जुळले, तर संथ आणि न जुळणाऱ्या गाण्याच्या मानाने सुमारे ७ टक्के कमी प्राणवायू लागला. काम तेच, श्वास कमी. लय पायाशी जुळणे हे नुसते मौजेचे नाही. त्यात शरीराची काटकसर आहे.

‘हे परक्यांचे संगीत’ हा आक्षेप तर मला मुळीच मान्य नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर बसला. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी त्यावर रचना केल्या. त्या फिती कित्येक वर्षे कपाटात पडून होत्या. २०२३ साली त्या लोकांसमोर आल्या. मुंबईचे चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे कलावंत. त्यांनी १९८२ साली तीन जपानी यंत्रे घेऊन ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. यंत्राचा अखंड ठेका आणि त्यावर भैरव, ललित, तोडी, मेघमल्हार, यमन, मालकंस. तबकडी खपली नाही. जवळजवळ विसरली गेली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगातले जाणकार चकित झाले, कारण शिकागोच्या ‘ॲसिड हाउस’ या प्रकाराची आद्य मानली जाणारी ध्वनिमुद्रिका १९८७ची आहे आणि तिचा नाद या रागांच्या तबकडीशी विलक्षण जुळतो. शिकागोकरांनी ती ऐकली होती असे नव्हे. एकाच यंत्राशी झटणारे दोन ठिकाणचे लोक एकाच वाटेला लागले, इतकेच. चरणजित सिंग २०१५ साली वारले. त्यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस का होईना, कौतुक त्यांच्या वाट्याला आले. आमच्या व्यायामशाळेत मात्र मी सुचवीपर्यंत त्यांचे नावही कोणी ऐकलेले नव्हते.

येथवर मी वकिली केली. आता तक्रार.

कष्टाबरोबर गाणे ही आपली जुनी रीत आहे. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांच्या ओव्या गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. याच अंकाच्या पलीकडच्या कन्नड विभागातील मित्रांना ‘बीसुव पद’ ठाऊक असतीलच. तेच जाते, तीच पहाट, भाषा तेवढी निराळी. मोटेवरचे गाणे, दिंडीतला मृदंग, लेझमीची हलगी, हे सगळे त्याच कुळातले. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, आणि नेमकी तीच व्यायामशाळेत हरवली आहे. ओवी म्हणणारी आणि दळणारी बाई एकच असते. हात भरून आला की ओवी आपोआप लांबते, दम लागला की ओळीच्या शेवटी थांबते. लेझीम खेळविणारा हलगीवाला मुलांच्या पायांकडे पाहून वाजवितो. ठेका कष्टाच्या मागून चालतो. तळघरातल्या सायकलीवर कष्टाने ठेक्यामागून फरफटत जायचे असते, आणि ठेका ठरविलेला असतो भलत्याच कोणीतरी, भलत्याच शहरात, चाळीस मिनिटांची यादी आधीच तयार करून.

श्वासाचा आणि गाण्याचा संबंध काय असतो, हे बेळगावच्या माणसाला मध्य प्रदेशात राहून विसरता येत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ मध्ये देवासला आले. देवास आमच्या भोपाळहून मोटारीने तीनेक तासांवर. बरीच वर्षे गाणे बंद होते. पुढे ते गाऊ लागले ते एका फुप्फुसाच्या बळावर. लांबलचक तानांचा हव्यास सोडून छोट्या, तुटक, अचूक फेकीच्या स्वरवाक्यांनी त्यांनी जे गाणे उभे केले, त्यावर पोथ्या लिहिल्या गेल्या आहेत. मला त्यात पडायचे नाही. मला एवढेच दिसते की, त्यांनी श्वासाला गाण्याच्या मापात कोंबले नाही.

आमच्या वर्गात एक बाई येत. वय पन्नाशीच्या आतबाहेर. २ डिसेंबर १९८४च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला तेव्हा त्या पहिलीत होत्या आणि घर जुन्या शहरात होते. भोपाळमध्ये त्या वयाच्या माणसाला ‘तुम्ही तेव्हा कुठे होतात?’ हे विचारावे लागत नाही. बोलता बोलता दहा मिनिटांत ते आपोआप निघते. त्यांना जिना चढताना धाप लागते. डॉक्टरांनी हलका, नियमित व्यायाम सांगितलेला. सायकल त्यांना मनापासून आवडे. लहानपणी ती शिकायची राहून गेली होती म्हणे. पण दर ‘ड्रॉप’ला शिक्षक ओरडे, ‘और तेज! और तेज!’ एकदा त्यांनी गती कमी केली तर माइकवरून सर्वांदेखत हाक आली, ‘दीदी, रुकना नहीं!’ सगळ्यांच्या माना वळल्या. चाक जड, पाय जखडलेले, मूठ हाताला लगेच सापडली नाही. शेवटी शेजारच्या मुलीने वाकून ब्रेक दाबला. त्यानंतर त्या तीन आठवडे फिरकल्या नाहीत.

शिक्षक दुष्ट नव्हता. बावीस-तेवीस वर्षांचा, मेहनती मुलगा. गाणे बदलणे त्याच्या हातात नव्हते आणि आपल्या हुरूपाने सर्वांना हुरूप येतो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. तो हुरूप येतोही, मध्यम कष्टांपर्यंत. मात्र कष्ट एका मर्यादेपलीकडे गेले की गाणे मनाला भुलवू शकत नाही. पोटऱ्यांची आणि छातीची हाक वरचढ ठरते. ती हाक ऐकूच येऊ नये म्हणून आवाज वाढविणे हा त्यावरचा उपाय खचितच नव्हे. आवाजाचेही गणित आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सोसावा असा एक मान्य दंडक आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ला एक तास, ९७ला अर्धा तास, १००ला पाव तास. माझ्या मोबाईलवरचा मापक काही प्रयोगशाळेतला नव्हे, पण त्या खोलीत तो ९६च्या खाली उतरत नसे आणि वर्ग पाऊण तासाचा! सायकलस्वार निदान घरी तरी जातो. शिक्षकाचे मात्र दिवसातून चार वर्ग असत.

यावर कोणी म्हणेल, ज्याने त्याने आपापल्या कानात यंत्र घालून आपले गाणे ऐकावे, भांडण मिटले. मला हे पटत नाही. मग पंधराजणांनी एका खोलीत यायचे कशाला? एका लयीत पंधरा जोड्या पाय फिरताना जे बळ येते ते लेझमीत नाचलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. दुसरा कोणी म्हणेल, मग ते यांत्रिक संगीत बंद करा आणि तबला बसवा. तेही नको. कारण माझे म्हणणे यांच्या अगदी उलट आहे. माणसाच्या पायामागून चालायला सर्वांत सोपे संगीत कोणते असेल, तर ते हे यांत्रिक संगीतच.

जुन्या ग्रामोफोनची गती कमी केली की गायिकेचा आवाज गायकासारखा जाड होई, हे आमच्या पिढीने हसत हसत अनुभवले आहे. आता संगणकाच्या साह्याने गती कमी करता येते आणि सूर मात्र जागचा हलत नाही. नाचगाण्यांची कामे करणारे डीजे रात्रभर हेच करीत असतात. एक गाणे १२६चे आणि दुसरे १२९चे असले तर मधे कोठेतरी दोघांना आणून जुळवितात, आणि नाचणाऱ्यांचे पाय पाहून ठोका चढवितात, उतरवितात. मोबाईलवर बोटाने सरकवायची एक पट्टी, एवढेच त्याचे साधन. म्हणजे जी सोय नाचणाऱ्यांना आहे ती घाम गाळणाऱ्यांना नाही, याला यंत्र जबाबदार नाही. ती पट्टी कोणाच्या बोटाखाली असावी, हा प्रश्न आहे.

आम्ही सहाजणांनी व्यवस्थापकांना लेखी विनंती केली. उत्तर आले की यादी मुख्य कचेरीतून येते, तीत बदल होत नाही. बरीच ये-जा झाल्यावर रविवारी सकाळी खोली रिकामी असते ती आम्हाला वापरायला मिळाली, तीही शिक्षकाविना आणि मोठे लाउडस्पीकर बंद ठेवण्याच्या अटीवर. ती अट आम्ही आनंदाने मान्य केली! एक छोटा स्पीकर मी घरून नेतो. दर दहा मिनिटांनी मोबाईल पुढच्या माणसाकडे जातो आणि ज्याच्याकडे तो असेल त्याची लय सर्वांनी पाळायची. तरुण मुले १३५ वर नेतात, आम्हाला धाप लागते. तेव्हा ताण कमी करून घ्यायची मुभा प्रत्येकाला आहे, त्याबद्दल कोणी कोणाला हाक मारीत नाही. माझ्या वाट्याच्या दहा मिनिटांत मी हटकून चरणजित सिंगांचा भूपाली लावतो. शास्त्राप्रमाणे तो रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, हे मला ठाऊक आहे. पण भूपाळी ऐकून उठलेल्या मराठी कानाला भूप म्हणजे सकाळच. आमचे भोपाळी मित्र म्हणतात, नावावरून तो राग आमच्याच गावचा!

आपल्या जिमखान्यात अशा सायकली घेण्याचा विचार चालू असल्याचे जुन्या सहाध्यायांकडून कळले. अवश्य घ्याव्यात. पण ज्या खर्चात चार मोठे लाउडस्पीकर बसतील त्यात पायांची गती दाखविणारे छोटे मापक प्रत्येक सायकलीवर बसविता येतील का, हे जिमखाना समितीने पाहावे, आणि गाण्यांची यादी विद्यार्थ्यांना, म्हणजे मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांना, मिळून करू द्यावी. ओवी आणि बीसुव पद यांच्या खाली १२० चा ठोका घालून पाहण्याचा उद्योग कोणी केला तर मला अवश्य कळवावे. आमच्या त्या बाई आता रविवारी येतात. त्यांची दहा मिनिटे शेवटची असतात. पट्टी ९६ वर आणून त्या एका ठोक्याला एक पाय असे सावकाश फिरवितात. मिनिटाला ४८ फेरे. या गतीला ताण बराच वाढवावा लागतो, नाहीतर चाक पायांना घेऊन पळते. पहिल्या रविवारी आमच्यातल्या सर्वांत तरण्या मुलाने हे हसण्यावारी नेले होते. दहाव्या मिनिटाला त्याच्या कपाळावरून घाम ठिबकत होता आणि बाई पुढचे गाणे शोधीत होत्या.